नकाशावर नसलेली लाँच: गजबजलेल्या खाडीत बोटींची टक्कर कशी टळते?

मावशीकडे रेवसला जायचं असलं की मी हल्ली रस्त्याच्या नादी लागत नाही. उरणपर्यंत लोकल, तिथून रिक्षाने करंजा, आणि करंजाहून लाँचने धरमतर खाडीचं तोंड ओलांडलं की समोर रेवस. रस्त्याने हाच पल्ला पेणचा वळसा घालून जातो आणि दोन-अडीच तास खातो. पाण्यावरून वीसेक मिनिटांत काम होतं.

मागच्या खेपेला लाँचमध्ये बसल्या बसल्या मी मोबाईलवर मरीनट्रॅफिक उघडलं. जगभरातली जहाजं नकाशावर दाखवणारं हे ॲप तुमच्यापैकी काहींनी वापरलं असेल. रंगीत बाण दिसतात, बाणावर बोट ठेवलं की जहाजाचं नाव, वेग, दिशा, सगळं समोर. माझ्या स्क्रीनवर खाडीत शिरणारी तीन बार्जेस दिसत होती. त्यातलं एक अगदी जवळ होतं. आमची लाँच मात्र नकाशावर कुठेच नव्हती. होता तो फक्त माझ्या फोनचा निळा ठिपका, आणि तो माझ्याशिवाय कुणालाही दिसत नव्हता.

मान वर करून पाहिलं तर बार्ज ॲपमध्ये दाखवलं होतं त्याच्या बरंच पुढे आलेलं. तेवढ्यात आमच्या तांडेलकाकांनी इंजिन मंद केलं. दोन-तीन मिनिटं लाँच तशीच डुलत राहिली, बार्ज समोरून गेलं, त्याच्या लाटांनी आम्हाला हलवलं आणि मग आम्ही निघालो. "काका, तो थांबला नसता का?" मी विचारलं. ते हसले. "बाय, त्याला ब्रेक नसतो. आपल्याला हाय."

या एका वाक्यात पाण्यावरच्या वाहतुकीचा अर्धा नियम आला. उरलेला अर्धा समजून घ्यायला हा लेख. कारण आपल्याकडच्या खाड्या आणि नद्यांमधली मालवाहतूक वाढते आहे, त्याच पाण्यात रोज माणसं आडवी ओलांडत आहेत, आणि दोघांची गाठ सुरक्षित पडावी ही जबाबदारी अजूनही बऱ्याच ठिकाणी एकट्या तांडेलच्या नजरेवर आहे.

ही खाडी म्हणजे हायवे आहे

धरमतर खाडी आणि तिला मिळणारी अंबा नदी हा सरकारी यादीतला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १० आहे. रेवसजवळ समुद्रापासून नागोठण्याच्या पुलापर्यंत सुमारे ४५ किलोमीटर. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशात एकूण १११ जलमार्ग जाहीर झाले. त्यातले अनेक अजून कागदावर आहेत. अंबा तशी नाही. देशात सर्वात जास्त माल वाहणाऱ्या पहिल्या काही जलमार्गांत तिचं नाव येतं.

याचं कारण डोलवीचा पोलाद कारखाना आणि धरमतरची बंदरं. कोळसा, लोहखनिज, चुनखडी घेऊन येणारी मोठी जहाजं खाडीत शिरू शकत नाहीत, तेवढी खोली नाही. ती मुंबई बंदराबाहेर नांगर टाकतात, तरंगत्या क्रेनने माल बार्जमध्ये उतरवतात आणि बार्जेस तो आत नेतात. भरलेल्या बार्जला पाणी लागतं, म्हणून ती भरतीवर स्वार होऊन येतात. म्हणजे इथली वाहतूक दिवसभर सारखी नसते. भरती लागली की एकामागोमाग एक, आणि ओहोटीला सगळं शांत.

आता याच खाडीच्या तोंडावरून करंजा-रेवसची लाँच आडवी जाते. भाऊच्या धक्क्यावरून येणारी रेवसची लाँच तिथेच येते. शिवाय करंजा आणि रेवस दोन्हीकडच्या मच्छीमार बोटी. हायवेवर ट्रक सरळ जात आहेत आणि गावची एसटी, बैलगाडी, सायकल, सगळं सिग्नल नसताना हायवे ओलांडतंय, असं चित्र डोळ्यासमोर आणा.

हे फक्त रायगडपुरतं नाही. दिघी-आगरदांडा फेरी ज्या राजपुरी खाडीवरून जाते तो जलमार्ग क्रमांक ८३. वेसवी-बागमांडला फेरीची बाणकोट खाडी ८९. दाभोळ-धोपावे २८, जयगड-तवसाळ ९१. गोव्यात पणजीहून बेतीला फेरीबोटीने गेला असाल तर तुम्ही मांडवीवर, म्हणजे क्रमांक ६८ वर होता. या सगळ्याच मार्गांवर आज बार्जेसची गर्दी आहे असं नाही. पण देशभरात अंतर्गत जलमार्गांवरून २०१३-१४ साली १.८१ कोटी टन माल गेला होता, २०२४-२५ मध्ये तो आकडा १४.५५ कोटी टनांवर पोचला. आठपट. आणखी वाढवायचं सरकारचं धोरण आहे, आणि ते चुकीचं नाही, कारण पाण्यावरून माल नेणं ट्रकपेक्षा स्वस्त पडतं आणि इंधनही कमी लागतं. प्रश्न एवढाच की हायवे रुंद करताना रस्ता ओलांडणाऱ्यांचा विचार कुणी केला आहे का.

मोठ्याला वाट का द्यायची?

समुद्रावरचे वाहतुकीचे नियम १९७२ साली आंतरराष्ट्रीय कराराने ठरले, आणि समुद्राला जोडलेल्या खाड्यांमध्येही साधारण तीच पद्धत चालते. दोन यांत्रिक बोटी एकमेकींचा मार्ग छेदत असतील तर जिच्या उजव्या बाजूला दुसरी बोट आहे, तिने बाजूला व्हायचं. आपल्याकडे चौकात कोण आधी जाणार हे हॉर्नच्या आवाजावर ठरतं. पाण्यावर ते उजव्या-डाव्यावर ठरतं.

पण अरुंद जलमार्गासाठी वेगळा नियम आहे. २० मीटरपेक्षा लहान बोटीने, ज्या मोठ्या जहाजाला फक्त त्या खोल पट्ट्यातूनच जाता येतं त्याला अडथळा करायचा नाही. आणि अडथळा होणार असेल तर कुणीही तो पट्टा आडवा ओलांडायचा नाही. तांडेलकाकांनी थांबून नेमकं हेच केलं होतं. भरलेलं बार्ज काही हजार टनांचं असतं. इंजिन उलटं फिरवलं तरी ते बराच वेळ पुढे सरकत राहतं, आणि बाजूला वळावं तर गाळात रुतण्याची भीती.

टक्कर होणार आहे की नाही हे ओळखायची खलाशांची एक जुनी युक्ती आहे, ती तुम्हीही लाँचमध्ये बसून करून पाहू शकता. समोरचं जहाज लाँचच्या एखाद्या खांबाच्या रेषेत धरा आणि डोकं न हलवता पाहत राहा. ते खांबाच्या पुढे किंवा मागे सरकत गेलं तर ठीक. ते खांबालाच चिकटून राहिलं आणि नुसतं मोठं मोठं होत गेलं, तर दोघं एकाच बिंदूकडे निघाला आहात. रडार आणि एआयएस यंत्रणा हेच गणित आकड्यांत करतात: दोन बोटी जास्तीत जास्त किती जवळ येतील आणि किती मिनिटांनी.

एआयएस नेमकं काय करतं?

एआयएस म्हणजे ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टिम. जहाजावरचं एक छोटं यंत्र जीपीएसवरून आपली जागा, वेग आणि दिशा घेतं आणि व्हीएचएफ रेडिओवरून आजूबाजूच्या सगळ्यांना ओरडून सांगतं. त्यासाठी दोन ठरलेल्या वारंवारिता आहेत, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ. प्रत्येक जहाजाला नऊ आकडी ओळख क्रमांक असतो. भारतीय जहाजांचा ४१९ ने सुरू होतो.

एवढी सगळी जहाजं एकाच वेळी ओरडली तर गोंधळ होणार नाही का? त्यावरचा उपाय भारी आहे. एका मिनिटाचे २,२५० तुकडे केलेले असतात, आणि प्रत्येक यंत्र आधी ऐकून रिकामा तुकडा शोधतं, मग त्यात आपलं बोलणं उरकतं. मध्ये कुठला टॉवर नाही, इंटरनेट नाही, सर्व्हर नाही.

मोठ्या जहाजांवर 'अ' वर्गाचं यंत्र असतं. ते साध्या वेगाला दर १० सेकंदांनी, वेग वाढला की त्याहून लवकर माहिती पाठवतं. लहान बोटींसाठी 'ब' वर्गाचं स्वस्त यंत्र मिळतं. त्याची ताकद कमी आणि साध्या प्रकारात ते दर ३० सेकंदांनी बोलतं. सात नॉट, म्हणजे ताशी साधारण १३ किलोमीटर वेगाने जाणारी लाँच ३० सेकंदांत शंभर मीटरच्या वर पुढे जाते. तेवढी चूक खुल्या समुद्रात चालते, अरुंद खाडीत ती लक्षात ठेवावी लागते. तरी काहीच न दिसण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

आंतरराष्ट्रीय नियमांनी 'अ' वर्गाची सक्ती आहे ती मोठ्या जहाजांना: परदेशी फेरीवरच्या ३०० टनांवरच्या, देशांतर्गत ५०० टनांवरच्या मालवाहू जहाजांना आणि समुद्रावर जाणाऱ्या प्रवासी जहाजांना. खाडी ओलांडणारी लाकडी लाँच या चौकटीत बसत नाही. म्हणजे ज्याला ब्रेक नाही ते यंत्रावर दिसतं, आणि जिच्यात माणसं आहेत ती दिसत नाही.

मग मोबाईल ॲप का नाही पुरत?

हा प्रश्न मला माझ्या भावाने विचारला. सगळ्यांकडे फोन आहे, फोनमध्ये जीपीएस आहे, मग लाँचवाल्याने फक्त लोकेशन शेअर केलं तर झालं की!

तीन अडचणी आहेत. पहिली, ॲपमध्ये दिसणारी जहाजं किनाऱ्यावरच्या अँटेनाने पकडलेली, मग इंटरनेटवरून फिरून आलेली असतात. त्यात उशीर होतो. मला बार्ज मागे दिसलं ते त्यामुळेच. दुसरी, तुमचा फोन व्हीएचएफवर काहीच पाठवत नाही. त्यामुळे बार्जच्या केबिनमधल्या स्क्रीनवर तुम्ही उमटत नाही. त्या ॲपमध्ये तुम्ही फक्त प्रेक्षक असता. तिसरी, फोन एकाचं एकाशी बोलणं करून देतो. अनेक लाँचवाले एकमेकांशी मोबाईलवर बोलतात, मी ऐकलं आहे. पण अनोळखी बार्जच्या कॅप्टनचा नंबर ऐन वेळी कुठून आणणार? व्हीएचएफ रेडिओवर एकाने सांगितलेलं आसपासचे सगळे ऐकतात. "करंजाहून निघालो, रेवसकडे चाललोय, तुमच्या मागून जातो" एवढं एक वाक्य पाच बोटींना एकदम कळतं.

दिसत होतं, तरी धडकले

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, सगळ्यांना एआयएस बसवा, विषय संपला. मलाही आधी तसंच वाटत होतं. पण काही अपघात नीट पाहिले की उत्तर एवढं सोपं राहत नाही.

१८ डिसेंबर २०२४. गेटवेहून घारापुरीला निघालेली 'नीलकमल' ही प्रवासी बोट. दुपारचे चार वाजत आलेले, लख्ख उजेड. बोटीवर शंभराहून जास्त माणसं. नौदलाची एक स्पीडबोट वळणं घेत आली आणि थेट धडकली. १५ जणांचा जीव गेला. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. तो बोटीवरच्या प्रवाशाने मोबाईलवर काढला होता. म्हणजे स्पीडबोट दिसत होती. इंजिनची चाचणी सुरू होती आणि नियंत्रण सुटलं, असं नौदलाने सांगितलं. एआयएसने इथे काय केलं असतं? फारसं काही नाही. इथे प्रश्न वेगळा होता: प्रवासी फेऱ्यांच्या वाटेवर भर दुपारी वेगवान बोटीची चाचणी का?

७ ऑगस्ट २०१०. याच मुंबई बंदराच्या जलमार्गात 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' ही दोन मोठी जहाजं सकाळी धडकली. एक जेएनपीटीतून बाहेर पडत होतं, दुसरं मुंबई बंदराकडे येत होतं. दोन्ही अवाढव्य, दोन्ही यंत्रांनी सज्ज. कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरलं आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. सुरक्षितता आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्या आठवड्यात सगळ्यांना कळलं. एक टक्कर झाली की सगळ्यांचाच खोळंबा.

२९ मे २०१९, बुडापेस्ट. डॅन्यूब नदीवर रात्री पावसात 'हाब्लेआन्य' या छोट्या पर्यटक बोटीला पुलाखाली 'वायकिंग सिगिन' या मोठ्या क्रूझ जहाजाने मागून धडक दिली. बोटीवर ३५ जण होते, वाचले फक्त ७. मोठ्या जहाजाने ओव्हरटेक करताना रेडिओवर कळवलं नाही, हा खटल्यातला एक मुख्य मुद्दा होता. २०२३ साली कॅप्टनला साडेपाच वर्षांची शिक्षा झाली.

या तिन्ही ठिकाणी दुसरी बोट नजरेच्या टप्प्यात होती. कळत नव्हतं ते तिचं पुढचं पाऊल. एआयएस सांगतं की जहाज आत्ता कुठे आहे. टक्कर टाळायला हवं असतं ते पुढच्या मिनिटाला ते काय करणार आहे. हा फरक मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो.

ऱ्हाईन नदीची निळी पाटी

हा फरक ऱ्हाईनच्या लोकांनी नीट ओळखला. स्वित्झर्लंडपासून नेदरलँड्सपर्यंत वाहणारी ही नदी युरोपची मालवाहू धमनी आहे. तिच्या वाहतुकीसाठी १८१५ सालच्या व्हिएन्ना परिषदेत एक आयोग ठरला आणि तो आजही काम करतो.

ऱ्हाईनला प्रवाह जोरदार आहे. प्रवाहाबरोबर येणाऱ्या जहाजाला थांबणं कठीण, प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्याला सोपं. म्हणून नियम असा की वर जाणाऱ्याने ठरवायचं, कुठल्या बाजूने एकमेकांना ओलांडायचं. नेहमीप्रमाणे डाव्या बाजूला डावी बाजू ठेवून जायचं असेल तर काही करायचं नाही. उजव्या बाजूने जायचं असेल तर केबिनजवळ एक निळी पाटी उभी करायची, तिच्यावर पांढरा दिवा लुकलुकतो. समोरच्याने तशीच पाटी उभी करून "कळलं" सांगायचं. झालं. भाषा कुठलीही असो, बोलावंही लागत नाही.

१ डिसेंबर २०१४ पासून ऱ्हाईनवर व्यापारी जहाजांना एआयएस सक्तीचं झालं, आणि ते साधं एआयएस नव्हतं. नदीसाठी बनवलेल्या या प्रकारात निळी पाटी उभी आहे की नाही हेही प्रसारित करता येतं. म्हणजे जागेसोबत इरादाही समोरच्याच्या पडद्यावर उमटतो. लोरेलायच्या खडकाजवळ नदी अरुंद आणि वळणावळणाची होते, पलीकडचं काही दिसत नाही. तिथे किनाऱ्यावरच्या नियंत्रण केंद्रातून दिव्यांच्या खुणा देऊन सांगतात की वळणापलीकडून कुणी येतंय का आणि ते केवढं लांब आहे. वर जाणारं जहाज आधीच रुंद जागा बघून थांबतं. थांबणं एका ठिकाणी, दोन मिनिटांचं. मध्येच अडकून तासाचं नाही.

आणि नदी आडवी ओलांडणाऱ्या फेरीबोटींसाठी तिथे स्पष्ट नियम आहे: बाकी वाहतुकीला अचानक वेग किंवा दिशा बदलावी लागणार नाही याची खात्री झाल्यावरच निघायचं. आमच्या तांडेलकाकांना तो नियम कुणी वाचून दाखवला नसेल, पण ते तोच पाळत होते. फरक एवढाच, की ऱ्हाईनच्या फेरीवाल्याला खात्री करून घ्यायला दिवे, पडदा आणि रेडिओ आहे. काकांना दोन डोळे आहेत. हिवाळ्यातल्या सकाळी धुकं उतरलं की तेही निकामी.

कोचीला जमलं

युरोपचं उदाहरण दिलं की "तिकडे पैसा आहे" हे उत्तर ठरलेलं. म्हणून आपल्याच देशातलं पाहू.

२६ ऑगस्ट २०१५ रोजी फोर्ट कोचीजवळ प्रवासी बोटीला मच्छीमार बोट धडकली आणि ११ जण गेले. वायपीनहून फोर्ट कोचीला जाणारी ती रोजची फेरी होती, आपल्या करंजा-रेवससारखीच बंदराच्या तोंडावरून आडवी जाणारी.

२५ एप्रिल २०२३ रोजी त्याच शहरात वॉटर मेट्रो सुरू झाली. बॅटरीवर चालणाऱ्या बोटी, त्यांच्यावर रडार, एआयएस, अंधारातही उष्णतेवरून वस्तू ओळखणारा थर्मल कॅमेरा, आणि किनाऱ्यावर सगळ्या बोटींवर नजर ठेवणारा नियंत्रण कक्ष. फलाटावरचं गेट माणसं मोजतं. ठरलेल्या संख्येपुढे एकही आत जात नाही. मला यातली ही शेवटची गोष्ट सर्वात आवडते, कारण ती सर्वात साधी आहे. मुंबईतही वॉटर मेट्रोची तयारी चालू आहे. तिच्या बोटी अशाच सज्ज असतील असं धरून चालू. पण त्या नवीन बोटींच्या शेजारून जुन्या लाँचेस चालतच राहणार, आणि एकाच पाण्यात अर्धे दिसणारे आणि अर्धे न दिसणारे, ही सर्वात धोक्याची स्थिती. ज्याच्याकडे पडदा आहे त्याला वाटतं, पडद्यावर नाही म्हणजे तिथे कुणी नाहीच.

आपल्या खाडीत काय करता येईल?

कायदा आहे. १९१७ सालचा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ आला. सगळ्या राज्यांतल्या बोटींची नोंद एका केंद्रीय यादीत असावी, सुरक्षेचे नियम सारखे असावेत, ही त्यातली कल्पना. गंगेवर राष्ट्रीय जलमार्ग १ साठी २०१६ पासून नदी माहिती सेवा, म्हणजे एआयएस आणि रडारवरून जहाजांचा माग ठेवणारी यंत्रणा आहे. मुंबई बंदरातही जहाजांवर नजर ठेवणारी व्यवस्था आहे. मच्छीमारांसाठी इस्रोने बनवलेले ट्रान्सपाँडर एक लाख बोटींवर बसवायची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाली. ते यंत्र उपग्रहावरून किनाऱ्याशी दुतर्फा संदेश पाठवतं. वादळाची सूचना देण्यासाठी, संकटात मदत मागण्यासाठी ते उत्तम. पण शेजारच्या बार्जला "मी इथे आहे" हे थेट सांगणं हे त्याचं मुख्य काम नाही. म्हणजे खाडी आडवी ओलांडणारी लाँच इथेही मधल्या फटीत पडते.

माझ्या मते चार गोष्टी पुरेशा आहेत, आणि एकही रॉकेट सायन्स नाही.

एक: प्रवासी घेणाऱ्या प्रत्येक लाँचवर 'ब' वर्गाचं एआयएस आणि हातात धरायचा व्हीएचएफ संच. यंत्राची किंमत साधारण एका महागड्या स्मार्टफोनएवढी. हा खर्च लाँचवाल्याच्या माथी मारू नये. जलमार्गाचा फायदा मोठ्या कारखान्यांना होतो, अनुदान त्या बाजूने यावं.

दोन: एक ठरलेला रेडिओ चॅनल आणि एक ठरलेलं मराठी वाक्य. निघताना कुठून, कुठे, आणि कुणाच्या पुढून की मागून. ही आपली निळी पाटी.

तीन: बार्जेसचं भरतीचं वेळापत्रक धक्क्यावर लावणं. बार्जेस भरतीवरच येतात, आणि भरती कधी येणार हे वर्षभर आधी माहीत असतं. आजही तांडेलला उधाण आणि भांग पाठ असतं. बार्ज किती आणि कधी, एवढंच त्याला कळत नाही. ते कळलं तर लाँचची फेरी दहा मिनिटं पुढे-मागे करून खाडीच्या मध्ये थांबणं टळेल. डिझेल वाचेल, प्रवाशांचा वेळ वाचेल, बार्जलाही वेग कमी करावा लागणार नाही.

चार: ओलांडायची जागा बोयांनी आखून देणं, म्हणजे बार्जच्या कॅप्टनलाही कळेल की या पट्ट्यात लाँच येऊ शकते. रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंग असतं तसं.

यावर आक्षेपही आहेत

एका जाणत्या मच्छीमाराने मला सुनावलं, की एआयएस लावलं तर मासा कुठे मिळतो ते सगळ्या जगाला कळेल. बरोबर आहे. म्हणून मी सक्ती प्रवासी बोटींपासून सुरू करावी म्हणते. दुसरा आक्षेप गर्दीचा: शेकडो बोटी एकदम पडद्यावर आल्या तर बार्जचा कॅप्टन नेमकं काय बघणार? त्यासाठी गाळणी लावता येते, पण गोंगाटात महत्त्वाचा इशारा हरवतो हे खरं. तिसरा, जीपीएसवर आंधळा भरवसा. जून २०२५ मध्ये होर्मुझच्या परिसरात जीपीएसचे संकेत बिघडवले जात होते आणि त्याच दिवसांत तिथे दोन तेलवाहू जहाजांची टक्कर झाली. यंत्र बसवलं म्हणून खांबाची युक्ती विसरायची नसते.

आणि चौथा आक्षेप मावशीचा: "आता पूल होणारे, मग कशाला हवं हे?" रेवस-करंजा पुलाची गोष्ट अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून चालू आहे, आणि आता खरंच तो मार्गी लागला आहे. होऊ दे, आनंदच आहे. पण पूल झाला तरी मच्छीमार पाण्यावरच राहणार, बार्जेस त्याच्या खांबांमधून जाणार, आणि कोकणातल्या बाकीच्या खाड्यांवर फेऱ्या चालूच राहणार. बुडापेस्टची टक्कर पुलाखालीच झाली होती.

तोवर तुमच्या हातात काय आहे?

लाँचमध्ये चढताना लाइफ जॅकेट मागा आणि घाला; बाकाखाली ठेवलेलं जॅकेट तरंगतं, तुम्हाला तरंगवत नाही. लाँच गच्च भरली असेल तर पुढची पकडा. जहाज जवळून जात असताना सगळे एका बाजूला रील काढायला धावू नका, लहान बोट तेवढ्यानेही कलंडते. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन नंबर आत्ताच सेव्ह करा. आणि जहाजांचं ॲप जरूर वापरा, फार मजा येते, पण त्यावर दिसत नाही म्हणून पाणी रिकामं आहे असं समजू नका.

परतताना मी पुन्हा त्याच काकांच्या लाँचमध्ये होते. संध्याकाळ झाली होती, भरती लागली होती, बार्जेसचे दिवे खाडीत शिरत होते. मी ॲप उघडून त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं. कुठलं बार्ज कुठे, नाव काय, वेग किती. मग विचारलं, "आन आपली कुठंय यात?"

नाही म्हटलं. ते काही बोलले नाहीत. फोन परत दिला आणि डोळे पुन्हा पाण्यावर लावले.